मनीराम पेंटरचं तिरपं अक्षर

पत्रिकांचा गठ्ठा दिव्याने सोडला आणि वरची एक पत्रिका आईच्या हातात दिली. दुर्पताबाई ती घेऊन घरापुढच्या सपरीत, उजेडाला आल्या. वाचता त्यांना येत नव्हतं. उभ्या जन्मात त्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. तरी कागदावरून बोट फिरवत त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की दिव्याला वाटलं, छपाईत काही चूक राहून गेली.

"हे त्यायनं लिहिलं," त्या म्हणाल्या.

"माय, ते छापलेलं आहे. गोंदियाला छापून आणलं."

"मी काय आंधळी आहो का? हे त्यायचं अक्षर आहे. कुठं भेटले तुले?"

पत्रिका तिच्या बाबांच्या क्रियेची होती.

मनीराम कापगते, म्हणजे सडक अर्जुनीचे मनीराम पेंटर, घरातून गेले त्याला बारा वर्षं होत आली होती. नागपूर-रायपूर रस्त्यावरच्या ढाब्यांच्या भिंती, गावातल्या दुकानांच्या पाट्या, ट्रकांचे मागचे फाळके, सगळं एके काळी त्यांच्या हातचं असे. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले. रायपूरकडे ट्रकच्या बॉडीवर अजून हातानेच लिहितात असं कुणीतरी सांगितलं, तसे ते ओळखीच्या एका ट्रकमध्ये बसून गेले. काही महिने फोन येत राहिला, मग लागेनासा झाला. धाकटा भाऊ केवळराम दोनदा रायपूर पालथं घालून आला, पोलिसांत नोंद झाली, पण माणसाचा ठावठिकाणा लागला नाही. बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि माणूस गेला असं धरायचं, ही रीत. यंदा धान निघालं की उरकून टाकू, असं केवळरामकाकाने ठरवलं होतं. दुर्पताबाईंनीही त्याला मान हलवली होती.

दिव्या नागपुरात अक्षरं घडवण्याचं काम करायची. कॉम्प्युटरवर चालणारे फॉन्ट. सुट्टीत घरी आली की ती मोबाइल घेऊन रस्त्याने फिरायची आणि बाबांच्या हातचं जे काही उरलं होतं त्याचे फोटो काढायची. गिरणीच्या भिंतीवरची अर्धी पुसलेली ओळ, पंक्चरवाल्याचा पत्रा, भंगारात पडलेला एक फाळका. जाड, उजवीकडे झुकलेलं अक्षर, आणि प्रत्येक उभ्या रेघेच्या तळाशी एक छोटा पाय. असे पाय इंग्रजी अक्षरांना असतात, मराठीला कुणी देत नाही. पण ट्रकवर मालकाचं नाव दोन्ही भाषांत लिहावं लागे, आणि दोन्ही नावं एका घरची दिसावीत म्हणून त्यांनी मराठीलाही पाय दिले होते. "इंग्रजीच्या अक्षराले पाय, मंग आपल्या अक्षरानं काय घोडं मारलं?" असं ते म्हणत. झुकावाचं कारणही त्यांनी लहानपणी तिला सांगितलं होतं. ट्रक उभा असला तरी नाव पळताना दिसलं पाहिजे.

त्या फोटोंवरून दिव्याने एकेक अक्षर काढून घेतलं, घासलं, जुळवलं. कुठे पायाचा कोन बदलायचा, कुठे पोट जास्त फुगायचं; ते तिने बदललं नाही. फक्त झ तिला कुठेच सापडला नाही. सबंध रस्ता धुंडाळला तरी झ असलेला एक शब्द बाबांच्या हातचा उरला नव्हता. मनाने झ काढून त्यांच्या नावावर खपवणं तिला पटेना, म्हणून ती जागा तिने रिकामी सोडली. फॉन्टचं नाव ठेवलं मनीराम. तो विकायचा किंवा कुणाला द्यायचा असं तिच्या मनातही नव्हतं. बाबांची पत्रिका बाबांच्याच अक्षरात निघावी, एवढंच तिला वाटलं होतं.

हे सगळं तिने सपरीत बसून आईला सांगितलं. दुर्पताबाईंनी ऐकून घेतलं आणि पत्रिकेवरच्या नावावर बोट ठेवलं.

"हे त्यायचं नाव का?"

"हो."

"मंग तिरपं काऊन?"

"म्हणजे?"

"मेलेल्याचं नाव ते उभं लिहत. समाधीचा दगड असो का फोटोखालचं नाव असो, सरळ उभं. मेलेला मानूस कुठं पळून राहिला, म्हनत. तिरपं लिहत नसत." दुर्पताबाईंनी पत्रिकेची घडी केली आणि ती पोलक्यात ठेवली. "ह्ये तिरपं आहे. म्हंजे जिते आहेत."

दिव्याला हे ठाऊक नव्हतं. तिने काढलेल्या फोटोंत दुकानं होती, ट्रक होते, समाधीचा दगड एकही नव्हता.

---

पत्रिका गोंदियात चुन्नीलालच्या दुकानात छापली होती. त्याच्या कॉम्प्युटरवर अक्षरं बिघडून दिसायला लागली, तेव्हा दिव्याने त्याला फॉन्टही पाठवला होता, बाकी कशाला वापरू नका असं बजावून. पंधरवडा उलटला नसेल, ती गोंदियाच्या बसमधून उतरत होती आणि समोरच्या खांबावर तिला बाबांचं अक्षर दिसलं. शिकवणी वर्गाचा फलक होता. रंग नवा, कापड नवं, आणि अक्षर बाबांचं. आपणच केलंय हे कळायला क्षण जावा लागला, आणि तेवढ्या वेळात ती गर्दीत त्यांना शोधत होती.

तिने चुन्नीलालला फोन केला.

"अरे बेटा, क्या अक्षर है!" तो म्हणाला. "ग्राहक देखते हैं तो वही मांगते हैं. मैंने किसी को नहीं दिया, पर दुकान के लड़के पेन ड्राइव में ले गए होंगे. अब तो आमगाव, देवरी, सब जगह चला गया. और सुनो, वो झ दबाओ तो खाली डब्बा आता है. वो भी बना दो ना."

परत मागवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यानंतर अक्षर दर आठवड्याला नवीन ठिकाणी दिसू लागलं. कोहमाऱ्याच्या चौकात बियाण्यांचं दुकान. डुग्गीपारला मोबाइल दुरुस्ती. गोरेगावच्या रस्त्यावर एका तरुण मुलाचा हार घातलेला फोटो, आणि त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', तिरप्या, पळत्या अक्षरात. त्या फलकासमोरून बस गेली तेव्हा दिव्याने मान खाली घातली. बाबांनी हे असं कधी लिहिलं नसतं, आणि तरी ते त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं.

क्रियेसाठी कापड घ्यायला ती आईला घेऊन गोंदियाला निघाली, त्या दिवशी दुर्पताबाईंनी पहिला फलक पाहिला. खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी दिव्याचा हात धरला.

"काय म्हनून राहिले ते?"

"कोण?"

"तिथं पाह्य, बोर्डावर. काय म्हनून राहिले?"

दिव्याने वाचलं, "'संकरित बियाणे व खते मिळतील.'"

"शेतीचं म्हनून राहिले," दुर्पताबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने परत हात दाबला. "आता?"

"'मर्यादित जागा. आजच प्रवेश घ्या.'"

"आनि हे?"

"'पुढे काम सुरू आहे. सावकाश जा.'"

दुर्पताबाईंनी खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं. गोंदियात कापडाच्या दुकानात शिरायच्या आधी म्हणाल्या, "सावकाश जा म्हनले. पयलेही मले तसंच म्हनत, पान्याले जाय तवा."

---

आता हिला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय पटायचं नाही, असं दिव्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सपरीत लॅपटॉप उघडला आणि आईला शेजारी बसवलं. आत चुलीवर भात शिजत होता.

"हे बघ माय. मी बटण दाबते, की अक्षर उमटतं. यात बाबा नाहीत, नुसती त्यांची अक्षरं आहेत. मीच भरली."

तिने म दाबला. मग न, मग वेलांटी. पांढऱ्या पडद्यावर एकेक अक्षर झुकून उभं राहिलं. दुर्पताबाई मागे सरकल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, घरातलं मोठं माणूस समोर आल्यावर घेत तसा.

"कोन लिहून राहिलं हे?"

"मीच ना."

"तुया हात तं बटनावर आहे. लिहून ते राहिले." त्या हलक्या आवाजात बोलू लागल्या होत्या. "त्यायले विचार, कधी येता म्हनावं."

"माय."

"विचार ना."

दिव्याने टाइप केलं, 'कधी येता?' आणि वाचून दाखवलं.

"हे तं तू विचारलं. आता त्यायले बोलू दे."

प्रश्नाच्या पुढे ती बारीक उभी रेघ लुकलुकत राहिली. दुर्पताबाई तिच्याकडे टक लावून बसल्या. आत भात खाली लागल्याचा वास आला तरी त्या उठल्या नाहीत. दिव्याने दोनदा लॅपटॉप मिटायला हात उचलला आणि दोन्ही वेळा आईच्या चेहऱ्याकडे पाहून खाली ठेवला. बारा वर्षांत त्या चेहऱ्यावर असं काही तिने पाहिलं नव्हतं. जो झ बाबांच्या हातचा सापडला नाही तो काढायला तिचा हात धजावला नव्हता. पण आता तोच हात पुढे झाला आणि तिने लिहिलं, 'मी बरा आहे.'

"काय म्हनतेत?"

"'मी बरा आहे.'"

दुर्पताबाईंनी पडद्याला हात जोडले. "एवढंच?"

"एवढंच."

"पयलेपासून कमीच बोलत," त्या म्हणाल्या आणि भात उतरवायला आत गेल्या.

दिव्या तिथेच बसून राहिली. 'कधी येता? मी बरा आहे.' ते आपण लिहिलं हे तिला ठाऊक होतं, कुठली बटणं दाबली तेही आठवत होतं. तरी बाबांच्या अक्षरात ते वाचताना तिला वाटलं की आपल्याला कुणीतरी काहीतरी कळवलंय. तिने ते पुसायचं म्हटलं, पण पुसवेना. लॅपटॉप बंद करताना त्याने विचारलं, ठेवायचं का. आणि तिने हो म्हटलं.

संध्याकाळी केवळरामकाका पुतळ्याच्या तयारीचं बोलायला आला. दुर्पताबाईंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "भाऊजी, पुतळा नाई करायचा. जित्या मानसाले कायले जाळता?"

"वयनी, आपलं ठरलं होतं ना."

"ते बरे आहेत. दिव्याले विचारा."

काकाने दिव्याकडे पाहिलं. "काय म्हनून राहिली ही? तू तं शिकलेली आहेस, सांग ना इले."

दिव्या खाली पाहत राहिली. काका चहा अर्धा टाकून गेला.

---

सकाळी दुर्पताबाई घरात नव्हत्या. शेजारच्या रुख्माने त्यांना हातात पिशवी घेऊन रायपूरच्या वाटेवरच्या देवरीच्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं. "विचारलं तं म्हनते, त्यायले आनाले जाऊन राहिली," रुख्मा म्हणाली.

केवळरामकाकाने मोटारसायकल काढली. वाटेत जिथे जिथे ते अक्षर होतं तिथे तिथे दिव्याने थांबायला लावलं, आणि आपली आई तिथे उतरून गेल्याचं तिला कळत गेलं. डुग्गीपारचा मोबाइलवाला म्हणाला, एक बाई आली होती, हा बोर्ड लिहिणारा कुठं आहे विचारत होती. मी सांगितलं बोर्ड देवरीहून आला. देवरीतला फ्लेक्सवाला म्हणाला, मशीन दाखवलं तिला, पण तिने मशीनकडे पाहिलंच नाही. हाताने लिहिणारा कुठं आहे म्हणाली. मग मीच सांगितलं, तो पुढच्या ढाब्यावर आहे.

"हाताने लिहिणारा?" दिव्याने विचारलं.

"हां. भिंत रंगवून राहिला."

देवरी मागे पडली. दोन्ही बाजूंना जंगल लागलं. मोटारसायकलवर काकाच्या पाठीमागे बसून दिव्या स्वतःला सांगत होती की यात काही नाही, पेंटर काय कमी असतात. मग ढाबा आला.

भिंत नुकतीच चुन्याने पांढरी केली होती आणि तिच्यावर लाल ऑइल पेंटमध्ये हातभर उंचीची अक्षरं होती. जाड, तिरपी, पायांची. 'ताजी मच्छी. झिंगा थाली.' टर्पेंटाइनचा वास येत होता. समोर खाटेवर दुर्पताबाई बसल्या होत्या, पदर सावरून, पिशवी मांडीवर घेऊन.

"दादाचं अक्षर आहे हे," काका पुटपुटला. गाडीचं स्टँड लावायचं तो विसरला होता.

दिव्या झ कडे पाहत होती. मनीराम फॉन्टमध्ये झ नव्हता. तो तिने केलाच नव्हता. त्या जागी रिकामा चौकोन यायचा. आणि इथे तो भिंतीवर होता, ओला, बाबांच्या झुकावाचा, बाबांच्या पायाचा, अगदी त्यांनी लिहिला असता तसा. फॉन्ट, पेन ड्राइव, चुन्नीलाल, सगळं तिच्या मनातून निघून गेलं आणि एकच गोष्ट उरली.

"मागं गेले आहेत पानी प्याले," दुर्पताबाई शांतपणे म्हणाल्या. "येतीलच आता. बस."

दिव्या बसली. काका उभा राहिला. रस्त्यावरून ट्रक जात होते, आणि प्रत्येक ट्रक गेला की ढाब्याच्या मागची चाहूल बुडून जायची, मग परत ऐकू यायची. बादलीचा आवाज. कुणीतरी खाकरलं. चपला घासत येऊ लागल्या.

भिंतीमागून जो माणूस आला तो पस्तिशीचा असेल. बारीक, काळासावळा, कोपरापर्यंत रंग लागलेला. त्याने या तिघांना आपल्याकडे असं बघताना पाहिलं आणि तो थबकला. दुर्पताबाई त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिल्या.

"आनि ते?" त्यांनी विचारलं.

"कोण, माय?"

"लिहिनारे."

"मीच लिहून राहिलो." त्याने ब्रश दाखवला. "क्या हुआ?"

त्याचं नाव उमेंद्र. पलीकडे छत्तीसगडच्या हद्दीतला, घरं रंगवणारा. ढाबेवाल्याला फ्लेक्स नको होता, उन्हाने चार महिन्यांत फाटतो म्हणून. पण अक्षर त्याला हेच पाहिजे होतं, सगळीकडे दिसतं ते. उमेंद्रने खिशातून मोबाइल काढला. त्यावर दिव्याचा फॉन्ट होता, तिनेच लावलेल्या क्रमाने, क ख ग घ. "याच्यावर पाहून पाहून शिकलो. महिना लागला हात बसायला."

"हा झ?" दिव्याने भिंतीकडे बोट केलं. "हा कुठून घेतला?"

"वो तो था ही नहीं इसमें, डब्बा आता था. मग भ पाहिला, इ पाहिली, आणि बनवला मनानं. बाकीच्यांसारखा दिसला पाहिजे ना." त्याने वळून भिंतीकडे पाहिलं. "गलत है क्या?"

"नाही," दिव्या म्हणाली. "बरोबर आहे."

दुर्पताबाई उठल्या आणि भिंतीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "लिही," त्या उमेंद्रला म्हणाल्या. त्याने दिव्याकडे पाहिलं, मग ब्रश बुडवून पुढचा शब्द सुरू केला. त्या त्याच्या मनगटाकडे बघत होत्या. त्याने खालून पाय काढला, मग उभी रेघ वर नेली आणि सगळ्यात शेवटी माथ्यावर आडवी रेघ ओढली.

"ते वरची रेघ पयले ओढत," दुर्पताबाई म्हणाल्या. "सारा शब्दभर एकच रेघ. मंग तिले अक्षरं टांगत."

"मोबाइल में वो कहाँ दिखता है, माय," उमेंद्र म्हणाला. "अक्षर दिखता है बस."

त्या परत खाटेवर येऊन बसल्या. ढाबेवाल्याने आणलेलं पाणी त्यांनी हातात घेतलं, प्यायल्या नाहीत.

"दिव्या. त्या दिशी ते म्हनले, मी बरा आहे. ते कोन म्हनलं?"

"मी, माय."

केवळरामकाका तोंड फिरवून ट्रकांकडे पाहू लागला.

"तू म्हनलं," दुर्पताबाई म्हणाल्या. "आनि मी हात जोडले."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर दिव्याला बरं वाटलं असतं. पाण्याचा पेला त्यांनी खाली ठेवला. मग उमेंद्रला म्हणाल्या, "एक पत्रा असन तं त्यावर नाव लिहून दे. मनीराम कापगते. उभं लिही."

उमेंद्रने पत्रा शोधून आणला, पण ब्रश हातात घेऊन अडून राहिला. त्याला तिरपंच येत होतं. मोबाइलमध्ये उभं कुठे होतं? शेवटी दिव्याने ब्रश घेतला. तिने आधी वरची रेघ ओढली, सबंध नावभर, आणि तिला एकेक अक्षर टांगलं. झुकाव काढला तशी ती अक्षरं बाबांची राहिली नाहीत. गावातल्या कुठल्याही पाटीवर असतात तशी साधी झाली.

"असंच पाह्यजे," दुर्पताबाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मायलेकी शेजारी बसल्या होत्या. फलक येत होते आणि जात होते. दुर्पताबाईंनी एकदाही हात दाबला नाही. डुग्गीपार गेल्यावर म्हणाल्या, "मले वाचाले शिकव."

"आता?"

"मंग कधी? दरवेळी तुले विचारू का, काय म्हनून राहिले म्हनून?"

---

चुलबंद नदीच्या काठावर पुतळा केला. पळसाची पानं दोऱ्याने बांधून हात-पाय केले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. अग्नी दिव्याने दिला. पानं वाळलेली होती तरी आधी नुसता धूर झाला, मग एकदम पेटली. पत्रा दुर्पताबाईंनी छातीशी धरला होता. पुतळा पूर्ण जळेपर्यंत त्या उभ्या होत्या, आणि घरी येऊन त्यांनी पत्रा देव्हाऱ्यात ठेवला.

दिव्याने रजा वाढवून घेतली. पाटीवर, साखरेच्या पुड्यावर, बसच्या तिकिटावर, मिळेल तिथे ती आईला अक्षरं दाखवू लागली. मनीराम फॉन्ट मात्र तिने त्यासाठी एकदाही उघडला नाही. दुर्पताबाईंचं बोट हट्टी होतं. एक अक्षर आलं की त्या पुढच्यावर जात, चुकलं की स्वतःवरच चिडत. दिव्या नागपूरला परत गेल्यावरही त्या रोज फोनवर वाचून दाखवत. आज तेलाचा डबा. आज गॅसचं पुस्तक. आज भिंतीवरचं कॅलेंडर, सगळे सण. उमेंद्रला विचारून दिव्याने त्याचा झ फॉन्टमध्ये घातला. लोक तो वापरतच होते, अर्धवट कशाला.

वैशाखात काकाकडच्या एका लग्नासाठी ती आली आणि दोघी बसने निघाल्या. दुर्पताबाई खिडकीशी बसल्या आणि रस्ता लागताच वाचायला लागल्या, मोठ्याने, पुढच्या सीटवरचा माणूस वळून पाहील इतक्या.

"सि-मेंट. सिमेंट. लो-खं-डी स-ळ्या." दिव्याकडे वळून त्या हसल्या. "पाह्य, जोडाक्षरही आलं."

कोहमाऱ्याच्या चौकात नवा फलक लागला होता. अख्ख्या दुकानाएवढा, पिवळ्यावर काळा. दिव्याची नजर तिथेच अडकली. ती दर वेळी अडकायची, इतक्या महिन्यांनंतरही. बाबा तिथे होते, पुढे झुकून, पाय रोवून.

"बो-अर-वेल," दुर्पताबाई वाचत होत्या. "बोअरवेल पाइप. पाइप भेटतेत इथं. भाऊजीले सांगाव लागन."

"माय, अक्षर पाहिलंस?"

"पाहिलं ना. वाचलं."

"कोणाचं आहे?"

दुर्पताबाईंनी वळून पाहिलं, पण बस चौक ओलांडून गेली होती. "कोनाचं म्हंजे? दुकानवाल्याचं."

दिव्याने आईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्यात लपवाछपवी नव्हती. त्या परत खिडकीकडे वळल्या होत्या आणि पुढची पाटी जवळ यायची वाट पाहत होत्या, ओठ आधीच हलवत.

पाटी आली. तीही त्याच अक्षरात होती. दिव्याने डोळे मिटून घेतले. शेजारी माय ती मोठ्याने वाचत होती.